जुन्या गार्डन ट्रॅक्टरचे फुटलेले इंजिन कसे बदलावे: निदानापासून पहिल्या वीस तासांपर्यंत

ब्लॉकच्या बाजूला अंगठा जाईल एवढे भोक पडले आहे, त्यातून पिस्टन आणि फिरता क्रँकशाफ्ट यांना जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे तुटके टोक दिसते आहे आणि चेसिसखाली तेलाचे थारोळे साचले आहे, असे दृश्य समोर असले की इंजिन गेले हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा वेळी बहुतेक मालक लगेच ‘आता याला कोणते इंजिन बसेल?’ असे विचारतात. माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. ‘हे इंजिन कशाने गेले?’ हा पहिला, कारण ज्या दोषाने जुने इंजिन संपले तो दोष पुष्कळदा इंजिनात नसून ट्रॅक्टरमध्ये असतो, आणि तो तसाच राहिला तर नवे इंजिनही त्याच वाटेने जाते. जुन्या गार्डन ट्रॅक्टरची जाड पोलादी चेसिस आणि बिडाचा गिअरबॉक्स इंजिनापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकतात, म्हणून हे काम करण्याजोगे आहे. पुढील विवेचन पेट्रोलवर चालणाऱ्या, हवेने थंड होणाऱ्या, एक किंवा दोन सिलिंडरांच्या इंजिनांपुरते आहे.

इंजिन खरोखरच गेले आहे का?

ब्लॉकला भोक दिसत नसेल, तर इंजिन मेले असे इतक्यात समजू नये. बॅटरीची ऋण वायर काढावी, स्पार्क प्लग काढावा आणि फ्लायव्हील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या टोकाचे जड चाक, हाताने फिरवून पाहावे. ते हलत नसेल, तर सर्व पट्टे उतरवून पुन्हा प्रयत्न करावा. गवत कापणाऱ्या डेकमधील बेअरिंग किंवा विद्युत क्लचचे (विजेच्या चुंबकाने अवजारांना गती जोडणाऱ्या क्लचचे) बेअरिंग जाम झाल्यामुळे ‘इंजिन जाम झाले’ असा समज होणे ही नेहमीची गोष्ट आहे. स्टार्टरचा छोटा गिअर फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकून राहिला तरीही हेच लक्षण दिसते.

प्लग काढल्यावर फ्लायव्हील सहज फिरले आणि प्लगच्या छिद्रातून पेट्रोल उडाले, तर कार्ब्युरेटरमधील फ्लोटची सुई गळत असल्यामुळे सिलिंडर पेट्रोलने भरला होता असे समजावे. द्रव दाबला जात नाही, म्हणून पिस्टन वर येऊ शकत नव्हता. ही तपासणी उघड्यावर, ज्योत आणि ठिणगीपासून दूर करावी. अशा इंजिनाच्या डिपस्टिकवर तेलाची पातळी खुणेच्या वर गेलेली असते आणि तेलाला पेट्रोलचा वास येतो. नवी सुई आणि ताजे तेल एवढ्यावर ते इंजिन पुन्हा उभे राहू शकते. फक्त तशा पातळ झालेल्या तेलावर ते बराच वेळ चालवलेले नसावे.

रॉड तुटला आहे की नाही याची सोपी परीक्षा अशी: प्लगच्या छिद्रातून पातळ लाकडी काडी पिस्टनवर टेकवावी आणि फ्लायव्हील सावकाश फिरवावे. फ्लायव्हील फिरते आहे पण काडी वरखाली होत नाही, असे दिसले तर शंकेला जागा उरत नाही. काडी व्यवस्थित हलत असेल पण दाब जाणवत नसेल, तर अडकलेला व्हॉल्व्ह किंवा जळालेले हेड गॅस्केट यांचा विचार आधी करावा. येथे एक सावधगिरी हवी. स्टार्ट करणे सोपे जावे म्हणून यांतील अनेक इंजिनांच्या कॅमशाफ्टवर एक यंत्रणा असते, जी कमी वेगात एक व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते. त्यामुळे कॉम्प्रेशन गेजवर चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी येतो. हवा भरून गळती मोजण्याची चाचणी अशा ठिकाणी अधिक विश्वासार्ह ठरते.

कशाने गेले ते शोधणे

जुने इंजिन भंगारात टाकण्यापूर्वी ते उघडून पाहण्यासाठी एक संध्याकाळ द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तेल स्वच्छ ट्रेमध्ये पांढऱ्या कापडातून गाळून काढावे. कापडावर राहिलेली चंदेरी चकमक म्हणजे बहुधा ॲल्युमिनियमच्या रॉडचा चुरा असतो. मग तळाचे झाकण किंवा बाजूची प्लेट उघडून क्रँकशाफ्टची पिन पाहावी. पिन काळी-निळी पडली असेल आणि तिच्यावर ॲल्युमिनियम फासल्यासारखे चिकटले असेल, तर रॉड तेलाविना तापून पकडला गेला आणि मग तुटला. पिन चकचकीत असेल, तापल्याची खूण नसेल आणि रॉडचा भंग स्वच्छ असेल, तर रॉडचा बोल्ट ढिला झाला असावा किंवा इंजिन मर्यादेबाहेरच्या वेगाने फिरले असावे.

तेलाविना रॉड जाण्याची कारणे दोन प्रकारची असतात. पातळी कमी होणे हे उघड कारण आहे. दुसरे कारण उताराचे आहे. एका सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत तेलाचा पंप नसतो. रॉडच्या टोकाला असलेली छोटी पळी तेलात बुडून ते सर्वत्र उडवते. ट्रॅक्टर फार कलला की तेल एका बाजूला जाते आणि पळी कोरडी फिरते, मग डिपस्टिकवर पातळी बरोबर दिसत असली तरी उपयोग नसतो. साधारण १५ ते २० अंशांपलीकडे असे इंजिन सतत चालवू नये, असे बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिकांत सांगितलेले असते. ज्याची जमीन याहून अधिक उताराची आहे, त्याने नव्या इंजिनासाठी दाबाने तेल पुरवणाऱ्या पंपाची रचनाच निवडावी, आणि उताराची मर्यादा त्याही इंजिनाला असते हे ध्यानात ठेवावे.

यानंतर इंजिनावरचे पत्र्याचे आवरण काढावे. त्याखाली सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांमध्ये वाळलेले गवत घट्ट बसलेले आढळते, कधी उंदराचे घरटेच असते. वरून इंजिन स्वच्छ दिसते आणि आत मात्र हवेला वाट नसते. एअर क्लीनरची कड नीट बसत नसेल, तर धूळ आत जाऊन रिंगा झिजतात, इंजिन तेल पिऊ लागते, पातळी उतरते आणि शेवट पुन्हा रॉडवरच येतो. इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ओढून लांब केलेली किंवा तारेने बांधलेली दिसली, तर अतिवेगाचा पुरावा हाती आला. ही इंजिने बहुधा भाराविना कमाल सुमारे ३,६०० ते ३,८५० फेऱ्या प्रति मिनिट एवढ्या मर्यादेसाठी बनवलेली असतात, आणि वेग वाढला की रॉडवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

माझ्याकडे एकदा असा ट्रॅक्टर आला होता की त्याचे दुसरे इंजिनही दोन हंगामांत तापून गेले होते. पाती स्वच्छ होती, तेल पुरेसे होते, गव्हर्नर ठीक होता. कारण सापडले ते बॉनेटमध्ये. आवाज कमी करण्यासाठी आतून चिकटवलेल्या फोमचा पोस्टकार्डाएवढा तुकडा एका कडेने सुटला होता. इंजिन बंद असताना तो निमूटपणे लोंबत राही आणि कोणाच्या नजरेत भरत नसे. इंजिन सुरू झाले की पंख्याच्या ओढीने तो जाळीवर जाऊन चिकटे आणि जवळजवळ निम्मी जाळी झाकून टाके. बॉनेट लावून, इंजिन चालू ठेवून, विजेरीने बाजूच्या फटीतून पाहिले तेव्हा तो दिसला. त्या मालकाने दोन इंजिने गमावली होती, आणि दोष एका गोंदाच्या थराचा होता.

दुरुस्ती, जुने इंजिन की नवे?

ब्लॉक शाबूत असेल आणि केवळ रॉड तुटला असेल, तर जुनेच इंजिन बांधणे हा उत्तम पर्याय आहे. क्रँकपिनवर चिकटलेले ॲल्युमिनियम काढून पिन मोजावी. ती झिजलेली निघाली तर ०.२५ मिलिमीटर कमी व्यासाला घासून त्याच मापाचा रॉड बसवता येतो, अर्थात त्या इंजिनासाठी तसा रॉड मिळत असेल तर. ब्लॉकला भोक पडले असल्यास वेल्डिंग करून वाचवण्याचा मोह टाळावा, कारण उष्णतेने सिलिंडरचा आकार बिघडण्याचा धोका असतो आणि बिडाचे वेल्डिंग टिकवणे हे विशेष कौशल्याचे काम आहे.

त्याच मालिकेचे वापरलेले इंजिन मिळाले आणि ते प्रत्यक्ष चालताना पाहता आले, तर मी ते नव्या निराळ्या इंजिनापेक्षा आधी निवडेन. बोल्ट, पुली, वायरिंग, सायलेन्सर हे सगळे जसेच्या तसे बसते, आणि त्यात वाचणारा वेळ फार मोठा असतो. केवळ शब्दावर विश्वास ठेवून, न चालणारे ‘चांगले’ इंजिन मात्र घेऊ नये.

मोजमाप

निराळे इंजिन बसवायचे ठरले की कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग सुरू होतो. जुने इंजिन जागेवर असतानाच सर्व मापे घ्यावीत. ते बाहेर काढल्यावर निम्मे संदर्भ हरवतात.

सर्वप्रथम इंजिनातून बाहेर येणारा, पुली बसते तो शाफ्ट आडवा आहे की उभा, हे पाहावे. आडव्या शाफ्टच्या जागी उभ्या शाफ्टचे इंजिन बसत नाही. त्यानंतर शाफ्टचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने तीन ठिकाणी, गंज आणि उठलेल्या कडा साफ करून मोजावा. या वर्गात १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि १ पूर्णांक १/८ इंच म्हणजे सुमारे २८.६ मिलिमीटर, हे दोन व्यास वारंवार भेटतात, आणि दोन्हींत पुलीला शाफ्टवर जखडणारी चावी (खाचेत बसणारा पोलादी तुकडा) बहुधा पाव इंच रुंदीची असते. येथे फसगत होते ती २५ मिलिमीटरच्या मेट्रिक शाफ्टमुळे. डोळ्याला तो एक इंचाचाच वाटतो आणि जुनी पुली त्यावर सहज सरकतेही, किंबहुना जरा जास्तच सहज सरकते. ही ०.४ मिलिमीटरची फट इंजिनाच्या प्रत्येक स्फोटागणिक चावीला ठोकते. काही आठवड्यांत चावीची खाच रुंद होते आणि मग पुली व शाफ्ट दोन्ही वाया जातात. पत्र्याची पट्टी गुंडाळून ही फट भरू नये. योग्य छिद्राची पुली घ्यावी किंवा लेथवर अचूक बुश करून घ्यावा.

शाफ्टची लांबी, चावीखाचेची लांबी आणि शाफ्टच्या टोकातील आट्यांचे माप हेही लिहून ठेवावे. एक इंची शाफ्टच्या टोकाला पुष्कळदा ३/८ इंचाचे, प्रति इंच २४ असे बारीक आटे असतात. जाड आट्यांचा बोल्ट जबरदस्तीने घातला की पहिल्याच वेढ्यांत आटे मरतात. पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, बोल्टच्या चार छिद्रांमधील अंतरे, आणि शाफ्टच्या खांद्यापासून पुलीच्या खाचेच्या मध्यापर्यंतचे अंतर ही तीन मापे पट्टा सरळ चालेल की नाही हे ठरवतात. पायाचा नमुना जाड पुठ्ठ्यावर कापून घ्यावा आणि तो नव्या इंजिनाखाली ठेवून पाहावा. फिरण्याची दिशा बहुतेक लहान इंजिनांत एकच असते, पुलीच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट. तरीही ती तपासून घ्यावी.

शक्ती कोणत्या टोकाने घेतली जाते हाही प्रश्न आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या जुन्या कब कॅडेट ट्रॅक्टरांत इंजिनाचे फ्लायव्हील मागे, चालकाकडे असते आणि तेथूनच क्लच व ड्राइव्हशाफ्टमार्गे गिअरबॉक्सला गती मिळते, तर पुढच्या टोकाला डेक आणि इतर अवजारे चालवणारी पुली असते. अशा ट्रॅक्टरला साधे इंजिन आणून भागत नाही. नव्या फ्लायव्हीलवर मधोमध बसणारा छोटा शाफ्ट जोडावा लागतो आणि तो डायल गेजने तपासून डगमगरहित करावा लागतो. केवळ पट्ट्यावर चालणाऱ्या ट्रॅक्टरांत ही अडचण येत नाही.

शक्तीबाबत आकड्यांनी दिपून जाऊ नये. कोहलरचे बिडाचे के ३०१ हे इंजिन ४७६ घन सेंटिमीटरचे आणि १२ अश्वशक्तीचे होते. होंडाचे जीएक्स ३९० हे ३८९ घन सेंटिमीटरचे इंजिन एके काळी १३ अश्वशक्तीचे म्हणून विकले जाई, आणि निव्वळ शक्ती मोजण्याच्या पद्धतीनुसार तेच सुमारे ११.७ अश्वशक्तीचे ठरते. म्हणजे कागदावर सारखी दिसणारी दोन इंजिने नांगर ओढताना सारखी नसतात. कमी वेगात ओढ टिकवण्याची ताकद घनफळाशी आणि जड फ्लायव्हीलशी जोडलेली असते. गवत कापण्यासाठी ३८९ घन सेंटिमीटरचे इंजिन पुरेसे होईल. जमीन नांगरण्यासाठी मी जुन्या घनफळाच्या जवळचे किंवा त्याहून मोठे इंजिन घेईन. मात्र दुप्पट शक्तीचे इंजिनही घालू नये, कारण मग गिअरबॉक्समधील गिअर आणि चाव्या हीच पुढची कमजोर कडी होते.

जुने इंजिन उतरवणे

ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करावा, चाकांना अडणी लावावी, बॅटरीची ऋण वायर आधी आणि धन वायर नंतर काढावी, पेट्रोल डब्यात काढून दूर ठेवावे. प्रत्येक वायर सुटी करण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे आणि तिच्या टोकाला कागदी चिठ्ठी बांधावी. रंगावर विसंबू नये. जुन्या ट्रॅक्टरमध्ये आधीच्या मालकांनी हाताला आलेली वायर वापरलेली असते. थ्रॉटल आणि चोक यांच्या केबल कोणत्या दिशेने ओढल्यावर काय होते, तेही लिहून ठेवावे.

पुली किंवा विद्युत क्लच शाफ्टला गंजून चिकटलेला असतो. त्याला भेदक तेल लावून रात्रभर ठेवावे आणि पुलरने काढावे. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नये. हे इंजिन मेलेले असले तरी त्या धक्क्याने क्लचचे बेअरिंग खराब होते आणि तो क्लच आपल्याला पुन्हा वापरायचा असतो. क्लचचा मधला बोल्ट सोडवताना इंजिन फिरू नये म्हणून प्लगच्या छिद्रातून मऊ दोरी आत सोडण्याची युक्ती प्रसिद्ध आहे, पण ती तुटलेल्या रॉडच्या इंजिनात चालत नाही, कारण पिस्टनचा क्रँकशाफ्टशी संबंधच उरलेला नसतो. तेथे फ्लायव्हीलला पट्ट्याचा पाना घालून धरावे.

बिडाचे एका सिलिंडरचे इंजिन पन्नास किलोच्या आसपास भरते. एकट्याने उचलण्याचे ते वजन नाही. ब्लॉकच्या भक्कम भागाला पट्टा बांधून चेन ब्लॉकने उचलावे. पत्र्याचे आवरण, कार्ब्युरेटर किंवा सायलेन्सर यांना धरून कधीही नाही.

चेसिसची तयारी

इंजिन बाहेर असताना जी जागा मोकळी होते ती पुन्हा अनेक वर्षे हाती लागणार नाही. साचलेले तेल आणि माती पूर्ण धुऊन काढावी, मग बोल्टच्या छिद्रांभोवती भेगा आहेत का ते उजेडात तिरक्या नजरेने पाहावे. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर मोठी असते आणि भेग बहुधा छिद्राच्या कडेपासून निघते. इंजिनाखाली रबरी पाळणा असेल, तर त्याची रबरे बदलावीतच. ताण-पुलीची बेअरिंगे हाताने फिरवून कानाजवळ ऐकावीत, खरखर आली तर बदलावीत. पट्टे नवे घ्यावेत. टाकीत गंज किंवा चिकट थर असेल, तर टाकी, नळी आणि फिल्टर यांचे काम आत्ताच उरकावे.

नवे इंजिन बसवणे

छिद्रे जुळत नसतील, तर ८ ते १० मिलिमीटर जाडीची सपाट पोलादी प्लेट मध्ये घ्यावी. प्लेट चेसिसला आणि इंजिन प्लेटला, असे दोन स्वतंत्र संच बोल्ट ठेवावेत. शाफ्टची उंची कमी पडत असल्यास तीही प्लेटच्या जाडीने किंवा नळीच्या आधाराने भरून काढता येते. सुट्या वॉशरांची चळत रचून उंची साधू नये, ती थरथरीने सरकते. ८.८ दर्जाचे एम ८ बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला आणि एम १० बोल्ट साधारण ५० न्यूटन-मीटरला आवळावेत. इंजिनाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा.

बोल्ट प्रथम फक्त हाताने घट्ट करावेत. पुली शाफ्टवर सरकवण्यापूर्वी शाफ्टला जाम-प्रतिबंधक ग्रीसचा पातळ हात द्यावा, नवी चावी घालावी आणि मग दोन्ही पुल्यांच्या तोंडांवर एक सरळ लोखंडी पट्टी आडवी धरावी. पट्टी चारही ठिकाणी टेकली पाहिजे. तीन मिलिमीटरचा तिरकेपणा डोळ्याला क्षुल्लक वाटतो, परंतु पट्ट्याची एक बाजू त्याने खरवडली जाते. पट्टी टेकल्यावरच बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि आवळून झाल्यावर पट्टी पुन्हा लावून पाहावी, कारण आवळताना इंजिन हमखास थोडे सरकते.

विद्युत क्लच असेल, तर त्याच्या चुंबकाचा भाग फिरू नये म्हणून असलेली खाच एखाद्या खुंटीत अडकलीच पाहिजे. नव्या इंजिनावर ही खुंटी नसते आणि ती विसरली जाते. क्लच जोडताच त्याच्या वायरी गुंडाळल्या जाऊन तुटतात. त्याच्या फटी फीलर गेजने तिन्ही खिडक्यांतून सारख्या लावाव्यात.

वायरिंग

या कामात सर्वाधिक नुकसान होते ते येथे, आणि तेही एका क्षणात. जुन्या इंजिनांपैकी अनेकांत बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर चालणारे इग्निशन असते: स्टार्टची चावी चालू केली की कॉइलला १२ व्होल्ट मिळतात आणि बंद केली की ते तुटतात. नव्या इंजिनांत बहुधा मॅग्नेटो असतो, तो फ्लायव्हीलवरील चुंबकाच्या जोरावर ठिणगीची वीज स्वतःच तयार करतो, त्याला बाहेरून वीज लागत नाही, आणि तो बंद करण्यासाठी त्याची वायर चेसिसला टेकवावी लागते. दोन्हींचे तर्क एकमेकांच्या उलट आहेत. जुन्या कॉइलची वायर न विचार करता मॅग्नेटोच्या बंद-वायरीला जोडली, तर १२ व्होल्ट थेट त्यात जातात आणि नवा मॅग्नेटो पहिल्याच दिवशी जळतो. म्हणून चावीचा स्विच मॅग्नेटोच्या प्रकारचा घ्यावा आणि जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने खात्री करावी: बंद स्थितीत ती वायर चेसिसशी जोडलेली असली पाहिजे, चालू स्थितीत मोकळी, आणि कोणत्याही स्थितीत तिच्यावर व्होल्टेज दिसता कामा नये.

कार्ब्युरेटरच्या तळाशी इंधन अडवणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असेल, तर त्याला मात्र चावी चालू असताना १२ व्होल्ट हवे असतात. जुन्या ट्रॅक्टरवर स्टार्टर आणि जनरेटर एकाच यंत्रात असल्यास, आणि नव्या इंजिनाला स्वतःचा स्टार्टर व फ्लायव्हीलखालचे चार्जिंग असल्यास, जुना व्होल्टेज रेग्युलेटर सर्किटमधून पूर्णपणे काढून टाकावा. चार्जिंगची क्षमताही पाहून घ्यावी; विद्युत क्लच स्वतःच चार-पाच अँपिअर ओढू शकतो आणि तीन अँपिअरच्या चार्जिंगवर बॅटरी हळूहळू रिकामी होत जाते. सीटखालचा, क्लच-ब्रेकचा आणि अवजारांचा असे सुरक्षा-स्विच जुने झाले म्हणून वगळू नयेत. पाते फिरत असताना चालक पडला, तर इंजिन थांबवणारे दुसरे काहीही त्या ट्रॅक्टरवर नसते.

अर्थिंगकडे विशेष लक्ष द्यावे. नव्या इंजिनाचा पाया रंगवलेला असतो, प्लेटही रंगवलेली असते, आणि खाली रबर असेल तर वीज परतण्याला वाटच राहत नाही. मग स्टार्टरचा प्रचंड प्रवाह मिळेल ती वाट धरतो, आणि ती वाट अनेकदा थ्रॉटलची केबल असते. केबलचे प्लास्टिक वितळून धूर निघाला आणि इंजिन मात्र फिरले नाही, तर दोष केबलचा नसून अर्थचा असतो. बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाच्या ब्लॉकला, रंग खरवडलेल्या जागी, जाड वायर लावावी.

इंधन, हवा आणि सायलेन्सर

टाकी कार्ब्युरेटरपेक्षा खाली असल्यास पंप हवा. वर असल्यास हाताने बंद करता येणारा कॉक अवश्य बसवावा, म्हणजे सुई गळली तरी रात्रीतून क्रँककेसमध्ये पेट्रोल भरत नाही. सायलेन्सरचे तोंड चालकापासून, टाकीपासून आणि पेट्रोलच्या नळीपासून दूर वळवावे. बॉनेटला तो जवळ येत असेल तर मध्ये पत्र्याचा आडपडदा द्यावा. पंख्याच्या जाळीसमोर मोकळी जागा ठेवावी, आणि इंजिनाने बाहेर टाकलेली गरम हवा बॉनेटच्या आत फिरून पुन्हा जाळीकडे येणार नाही असे अडथळे जुन्या रचनेत जेथे होते तेथे परत बसवावेत. जुन्या इंजिनाचे पत्रे ‘अनावश्यक’ म्हणून फेकून दिले जातात, त्यांतलेच एखादे हे काम करत असते.

पहिला स्टार्ट आणि पहिले तास

नवे इंजिन सामान्यतः तेलाशिवाय पाठवले जाते. हे वाक्य चिठ्ठीवर लिहून चावीला बांधून ठेवावे. जीएक्स ३९० सारख्या इंजिनात सुमारे १.१ लिटर तेल मावते. आपल्या इंजिनाचे माप पुस्तिकेत पाहून, ट्रॅक्टर सपाट असताना डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरावे. एसएई ३० किंवा १० डब्ल्यू ३०, यांपैकी तापमानानुसार पुस्तिकेत सांगितलेले वापरावे. प्लग काढून, त्याची वायर इंजिनाला अर्थ करून, स्टार्टरने काही सेकंदांच्या दोन-तीन फेऱ्या द्याव्यात, म्हणजे आत तेल पसरते.

सुरू करताना ट्रॅक्टर उघड्यावर असावा. बंद शेडमध्ये साचणाऱ्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो. पट्टे आणि डेक न जोडता पाच मिनिटे मध्यम वेगात चालवावे, बंद करावे, गळती पाहावी, पातळी पुन्हा पाहावी. मग थ्रॉटल पूर्ण उघडून टॅकोमीटरने वेग मोजावा. तो पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा अधिक निघाला, तर गव्हर्नरची जोडणी लगेच लावावी. केवळ आवाजावरून वेग ठरवू नये, कारण नवे सायलेन्सर कानाला फसवते.

पहिल्या तासाच्या कामानंतर इंजिन थंड होऊ द्यावे आणि इंजिनाचे, प्लेटचे, सायलेन्सरचे व पुलीचे सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. यांतील एक तरी थोडा वळतोच. पट्ट्याचा ताणही याच वेळी पुन्हा लावावा. पहिले तेल काही उत्पादक पाच तासांनी, काही वीस तासांनी बदलायला सांगतात. पुस्तिका सांगेल तेव्हा, इंजिन गरम असताना, तेच पांढरे कापड घेऊन तेल गाळावे. राखाडी बारीक झाक ही नव्या रिंगा बसत असल्याची खूण आहे, आणि बोटाला जाणवतील असे चंदेरी कण दिसले तर ट्रॅक्टर तेथेच थांबवावा. या वीस तासांत दर वेळी काम संपल्यावर जाळी पाहावी, आणि एकदा तरी बॉनेट लावून, इंजिन पूर्ण वेगात असताना, बाजूच्या फटीतून विजेरी मारून पंख्याच्या तोंडाशी काही ओढले जात नाही ना, हे पाहून घ्यावे.